बारा सेंटिमीटरचा खेकडा

अप्पांनी एकतीस वर्षं मत्स्य खात्यात काढली. या काळात त्यांच्या टेबलावरून जितके मासे गेले तितके कुठल्याही मच्छीमाराच्या जाळ्यात आले नसतील. फक्त ते सगळे कागदावरचे होते. होड्यांचे परवाने, बर्फाच्या कारखान्यांचे अर्ज, कोणता मासा किती लांबीच्या आत पकडू नये याची परिपत्रकं, सगळं आधी अप्पांकडे यायचं. अप्पा त्यावर आवक क्रमांक टाकायचे आणि ते आत साहेबांकडे जायचं. तपासणीसाठी आणलेले खरे मासेही आत साहेबांकडेच जायचे, पण ते परत बाहेर आल्याची नोंद कुठे सापडत नाही. साहेबांच्या वतीने अप्पांनी हजारो पत्रांवर सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीआधी नियमाप्रमाणे ‘करिता’ असं लिहिलं. पुढे ती सवय इतकी जडली की मुलीच्या प्रगतिपुस्तकावरही ते ‘करिता’ लिहून मग सही करायचे. वर्गशिक्षिकेने एकदा विचारलंही होतं, “कोणाकरिता?” तेव्हा अप्पांनी नकळत बायकोकडे पाहिलं होतं.

अशा या अप्पांना नातेवाइकांत आणि इमारतीत माशांतले मोठे जाणकार मानत. हा समज कोणी पसरवला ते सांगणं कठीण आहे, पण तो दूर करायची अप्पांनी कधी घाई केली नाही. घरी रविवारी मासा बायको आणायची, बायको साफ करायची, बायको शिजवायची आणि अप्पा त्याचं शास्त्रीय नाव सांगायचे. खेकडा तर त्यांनी जन्मात खाल्ला नव्हता, जवळून पाहिलासुद्धा नव्हता. खेकड्याशी त्यांची ओळख होती ती परिपत्रक क्रमांक चौदामधून: ‘कवचाचे माप बारा सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला खेकडा विकू नये. माप कसे घ्यावे यासाठी सोबतचे रेखाचित्र पाहावे.’ हे रेखाचित्र अप्पा नोकरीला लागण्याआधीच फाइलमधून गहाळ झालं होतं. तरी अप्पांनी त्या परिपत्रकाच्या शेकडो प्रती गावोगाव पाठवल्या आणि प्रत्येकीखाली इमानेइतबारे ‘सोबत: वरीलप्रमाणे’ असं लिहिलं. एकाही माणसाने उलट पत्र पाठवून रेखाचित्र कुठे आहे असं विचारलं नाही. यावरून परिपत्रक किती सुस्पष्ट होतं ते कळतं, असं अप्पांचं मत होतं.

तर अप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, हसतमुख होता. अडचण होती ती मुलाच्या वडिलांची. ते हाडांचे डॉक्टर. शहरातल्या निम्म्या गुडघ्यांना त्यांचा हात लागलेला. बोलायचे कमी, आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायचे की आपला एक्स-रे काढून झालाय आणि त्यात फारसं काही निघालेलं नाही असं वाटावं. लग्नाच्या बोलण्यात त्यांनी अप्पांचा उल्लेख एकूण चार वेळा केला आणि चारही वेळा ‘मुलीकडचे’ असा केला. “मुलीकडच्यांना पाणी द्या.” “मुलीकडच्यांना ही तारीख चालेल का?” अप्पांनी मोजलं होतं. त्यांना त्या माणसाच्या तोंडून एकदा ‘व्याही’ असं ऐकायचं होतं. मागणी काही मोठी नव्हती, पण अर्ज करून मिळण्यासारखीही नव्हती.

म्हणूनच लग्नाची बोलणी झाली त्याच दिवशी अप्पांनी माशांचा विषय काढला. ते समुद्रावर सलग चाळीस मिनिटं बोलले. विहीणबाई मांडीवर बशी धरून मन लावून ऐकत होत्या, मधूनमधून “हो का?” म्हणत होत्या, त्यामुळे अप्पांना आणखीच चेव चढला. शेवटी डॉक्टर म्हणाले, “मग एकदा खाऊ घाला की.”

“घालतो ना! खेकडा खाऊ घालतो,” अप्पा म्हणाले.

बायकोने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, पण तोपर्यंत शब्द तोंडातून गेला होता.

घरी आल्यावर बायकोने एका वाक्यात विषय संपवला. “माझ्या स्वयंपाकघरात वळवळणारं काही आणायचं नाही. घरात एक आहे तेवढं पुरे.”

राहता राहिला शहरातला नवा फूड हॉल. तिथे म्हणे सगळे काउंटर समुद्रातल्याच पदार्थांचे होते, एक कोळंबीचा, एक कालवांचा, एक नुसता खेकड्यांचा. बातमी इमारतीत फुटायला अर्धा दिवस पुरला आणि सल्ले जिना चढून येऊ लागले. शेजारचा विमा एजंट म्हणाला, “तिथे जागा राखून मिळत नाही अप्पा. उघडायच्या आधी जाऊन उभे राहा आणि आत शिरलात की रुमाल टाका.” तळमजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर स्वतःची पक्कड घेऊनच आले. “खेकडा फोडायला तिथे जे देतात ते खेळणं असतं. ही न्या. अस्सल पोलाद आहे. हिने मी एकदा स्कूटरचं चाक काढलंय.” वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काय वाटेल ते करा, पण दाताने फोडू नका. आणि फोडलाच तर सोमवारी या, मंगळवारी मी नाही.”

अप्पांनी सगळे सल्ले अनुक्रमांक घालून उतरवून घेतले, एका फाइलीत लावले, आणि स्वतःच्या अक्कलहुशारीने शेवटी एक बाब वाढवली: ‘स्टीलची पट्टी. खरेदीपूर्वी माप पाहावे.’

“बाबा, प्लीज,” मुलगी म्हणाली, “तिथे काही करू नका. फक्त जेवा.”

“जेवायलाच तर जातोय,” अप्पा म्हणाले आणि फाइल पिशवीत ठेवली.

रविवारी साडेदहाला अप्पा एकटेच फूड हॉलच्या दारात उभे होते. बाकी मंडळी साडेबाराला येणार होती. दारातल्या सुरक्षारक्षकाने पिशवीत हात घातला आणि पक्कड बाहेर काढली.

“हे काय आहे?”

“पक्कड.”

“कशाला आणलीय?”

“जेवायला.”

रक्षकाने अप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. “सर, एक काका पक्कड घेऊन जेवायला आलेत.” बराच वेळ नुसती खरखर झाली. मग पलीकडून आवाज आला, “एकटेच आहेत का?” मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी तो ऐकला. पुढची वीस मिनिटं अप्पांनी, आपण कोण, कोणाकोणाला जेवायला बोलावलं आहे आणि खेकड्याचं कवच किती कठीण असतं, हे उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी पक्कड जमा झाली आणि हातात सत्तेचाळीस नंबरचं टोकन आलं. पट्टीवर मात्र रक्षकाला काही हरकत घेता आली नाही, कारण हत्यारांच्या यादीत पट्टी नव्हती. नियमाला नियमाने दिलेलं हे उत्तर अप्पांना फार आवडलं.

आत गेल्यावर त्यांनी खिडकीजवळचं सहा खुर्च्यांचं टेबल धरलं. एका खुर्चीवर स्वतः बसले, उरलेल्या पाचांवर रुमाल, छत्री, चष्म्याचं घर, वर्तमानपत्र आणि टोपी ठेवली. पावणेबारापर्यंत त्यांनी हा किल्ला एकट्याने लढवला. पण माणसाचं वय झालं की काही गोष्टी पुढे ढकलता येत नाहीत. पाच मिनिटांसाठी ते उठून गेले आणि परत आले तर टेबलावर सहा मुली बसून हसत होत्या. छत्री, टोपी आणि चष्म्याचं घर ‘सापडलेल्या वस्तू’ अशी पाटी असलेल्या टोपलीत होतं. वर्तमानपत्र रद्दीत गेलं होतं. आणि रुमाल वापरलेला समजून सफाईच्या बाईंनी कचऱ्यात टाकला होता.

“काका, बसायचं होतं तर उठून गेलातच कशाला?” बाई म्हणाल्या. अप्पांकडे याचं उत्तर होतं, पण ते बायकांसमोर देण्यासारखं नव्हतं.

सहा खुर्च्यांचं एकच टेबल उरलं होतं, प्रवेशदाराला अगदी लागून, सुरक्षारक्षकाच्या पाठीमागे. तिथे बसलं की येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत काय आहे ते दिसायचं. साडेबाराला डॉक्टर, विहीणबाई, जावई, मुलगी आणि बायको अशी सगळी मंडळी आली आणि डॉक्टरांनी खुर्चीकडे पाहून विचारलं, “मुलीकडच्यांनी इथे जागा धरलीय?”

पाच, अप्पांनी मनात नोंद केली.

आता मागवायचं. वेटर नावाचा प्राणी त्या हॉलमध्ये नव्हता. प्रत्येक काउंटरसमोर एक उभा पडदा होता, त्यावर बोट लावायचं, नाव टाकायचं, मग हातात एक गोल चकती यायची, आणि जेवण तयार झालं की ती थरथरायची. जावई म्हणाला, “मी करतो.” पण यजमान कोण होतं? अप्पा स्वतः पडद्यासमोर उभे राहिले. सहा खेकडे. पुढची चौकट: ‘नाव’.

इथे अप्पांनी जे केलं ते फक्त अप्पाच करू शकत होते. खात्याची पद्धत अशी की आधी खातं, मग हुद्दा, आणि नाव सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. अप्पांनी एका बोटाने सावकाश लिहायला घेतलं: ‘मत्स्य खाते, मुख्य लिपिक (निवृत्त)’. पण चौकट भरली. पडद्याने ‘मत्स्य खाते, मुख्य’ एवढंच घेतलं आणि पुढचं गाळून टाकलं. जी बढती खात्याने एकतीस वर्षांत दिली नाही ती त्या यंत्राने दोन सेकंदांत दिली.

अप्पा जागेवर येऊन टेकतात न टेकतात तोच काळा एप्रन घातलेला खेकड्याच्या काउंटरचा मॅनेजर धावत आला. त्याच्या एका हातात लिंबूपाणी होतं, दुसऱ्या हातात परवान्यांची फाइल आणि काखेत जाडजूड वही.

“सर, आधी कळवलं असतंत तर… आमचं सगळं नियमात आहे सर. परवाने, पाण्याचा अहवाल, सगळं. तुम्ही दारात का बसलात? आत चला ना सर.”

आयुष्यात कोणी अप्पांना एका दमात तीन वेळा ‘सर’ म्हटलं नव्हतं. त्यांना घोटाळा लगेच कळला. कळला नाही असं म्हणणं खोटं होईल. पण त्याच वेळी डॉक्टरांची भुवई वर गेली होती.

“तुम्हाला इथे ओळखतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“कामाचा संबंध,” अप्पा म्हणाले. तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

“सर, माप बघूनच घ्या,” मॅनेजर म्हणाला. “नंतर बोलणं नको.”

आता मागे हटणं शक्य नव्हतं. अप्पा उठले, मागोमाग डॉक्टर उठले, मग सगळेच उठले. काउंटरवर बर्फात अकरा खेकडे नांग्या बांधून ठेवले होते. त्यातला पहिला अप्पांकडे बघत होता आणि अप्पा त्याच्याकडे. दोघांचीही ही पहिलीच भेट होती. अप्पांनी पिशवीतून पट्टी काढली, शून्य डोळ्यांपाशी ठेवलं आणि सरळ मागच्या बाजूपर्यंत माप घेतलं.

“नऊ,” ते म्हणाले. दुसरा साडेआठ. तिसरा नऊला एक रेघ कमी. अकरातला एकही बाराच्या जवळपास आला नाही.

“बारा हवेत,” अप्पा म्हणाले. “परिपत्रक क्रमांक चौदा.”

मॅनेजरचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा पडला. रेखाचित्र कुठे आहे असं त्यानेही विचारलं नाही. त्याने मालकांना फोन लावला, काउंटरवर ‘बंद’ची पाटी टांगली, आणि हॉलभर लावलेल्या पडद्यांवर अक्षरं आली: ‘मत्स्य खात्याच्या तपासणीमुळे खेकडा मिळणार नाही. क्षमस्व.’ चकत्या हातात धरून बसलेली तीसेक माणसं एकदम उठून उभी राहिली.

“काका, मुलं सकाळपासून उपाशी आहेत हो!”

“रविवारीच सुचतं का यांना?”

“काकांनी स्वतःच सहा मागवलेत,” पडदा वाचून कोणीतरी म्हणालं.

मुलगी जमिनीकडे बघत होती. अप्पांच्या बायकोने ओळख नसल्यासारखा कालवांचा भाव वाचायला घेतला होता. पण डॉक्टर म्हणाले, “कडक आहात.” आणि त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हाताने निम्मे गुडघे जोडले तो हात. आता पुढचा शब्द तोच येणार, अप्पांची खात्री झाली.

पुढचा शब्द आला तो मॅनेजरचा, आणि तो फोनवर बोलत होता. “हो साहेब, तिचेच. धक्क्यावरून आणते ती बाई. नाही, आजपासून तिचा माल बंद. आत्ताच सांगतो तिला.”

“कोण बाई?” विहीणबाईंनी विचारलं.

दिवसभरात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या, त्यामुळे सगळे थांबले. मॅनेजर म्हणाला, “आमची खेकडेवाली. सहा वर्षं आणतेय.”

विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी अप्पांच्या हातातून पट्टी घेतली, खेकडा पाठीवरून अलगद पकडून उचलला आणि पट्टी आडवी धरली, कवचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“तेरा,” त्या म्हणाल्या. दुसरा उचलला. “साडेबारा. याला आडवं मोजतात हो. उभं मोजलं तर समुद्रातला एकही पास होणार नाही.”

“तुम्हाला कसं…” अप्पांचं वाक्य पुरं झालं नाही.

“माझे वडील होडीवर होते. दहा वर्षांची असल्यापासून मी धक्क्यावर बसून मापं घ्यायचे. लहान निघाला की परत पाण्यात.”

“मग त्या दिवशी मी चाळीस मिनिटं…”

“छान सांगत होता तुम्ही,” विहीणबाई म्हणाल्या. “त्यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकलं.”

खात्यात चूक कोणाचीच नसते. खात्यात फार तर ‘अनवधान’ होतं, तेही कोणाचं ते कागदावर येत नाही. अप्पांना ते सगळे शब्द पाठ होते आणि या वेळी ते वापरताही आले असते. अधिकारी म्हणून पट्टी परत घेऊन खिशात घालायची, ‘फेरतपासणीत योग्य आढळले’ असं म्हणायचं आणि खांद्यावरचा हात तसाच राहू द्यायचा. एवढं केलं असतं तरी भागलं असतं. पण मॅनेजरचा अंगठा त्या बाईचा नंबर शोधत होता, आणि अप्पांना स्वतःचीच मनापासून लाज वाटली.

“थांबा, फोन करू नका,” ते म्हणाले. “मी अधिकारी नाही. मी कारकून होतो. तोही आता निवृत्त. तुमच्या यंत्राने अर्धंच घेतलं, आणि मी ते तसंच चालू दिलं. आणि खेकडा मी आज पहिल्यांदाच बघतोय.”

खांद्यावरचा हात निघाला. बायको मात्र कालवांचा भाव वाचायचं सोडून अप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“ते ठीक आहे काका,” मॅनेजर म्हणाला. ‘सर’ गेलं ते गेलंच. “पण आता मालकांना कळलंय. लेखी शेरा असल्याशिवाय काउंटर उघडता येणार नाही.” आणि त्याने काखेतली वही पुढे केली.

एकतीस वर्षं अप्पांनी दुसऱ्यांचे शेरे सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. स्वतःचा शेरा लिहायची वेळ आली ती ही. तीस उपाशी माणसं भोवती उभी असताना ते वाकले आणि त्यांनी लिहिलं: ‘सर्व खेकडे नियमानुसार आहेत. माप घेण्यात चूक झाली. चूक माझी.’ खाली सवयीने ‘करिता’ लिहिलं. त्याकडे क्षणभर पाहिलं. मग ते खोडलं, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे आद्याक्षरं घातली आणि आपल्या पूर्ण नावाची सही केली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आपापल्या चकत्या घेऊन काउंटरकडे धावले.

पाऊण तासाने अप्पांची चकती थरथरली. दारातल्या त्या टेबलावर सहा लालबुंद खेकडे आले, सोबत चकचकीत चिमटे आले, आणि ड्रॉइंग मास्तर म्हणाले होते त्याप्रमाणे ती खरोखरच खेळणी होती. जावयाचा चिमटा वाकला. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तर नांगी सटकून मुलीच्या लिंबूपाण्यात पडली. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हसलं.

“मला जोडायची सवय आहे,” डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले. “फोडायची नाही.”

अप्पा मान खाली घालून बसले होते. आजच्या दिवसात आणखी काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या बायकोने पिशवीतली फाइल उघडली, त्यातून सत्तेचाळीस नंबरचं टोकन काढलं आणि डॉक्टरांपुढे सरकवलं.

“हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“पक्कड आहे दारात. यांनी आणलीय,” बायको म्हणाली. “आजच्यात तेवढी एक गोष्ट यांची बरोबर होती.”

डॉक्टरांनी टोकन उलटसुलट करून पाहिलं. मग अप्पांकडे पाहिलं, बराच वेळ. मग ते हसायला लागले. मुलालाही त्यांचं असं हसणं नवीन असावं, कारण तो हातातला खेकडा खाली ठेवून बघत राहिला. हसतच ते उठले. मुलगा म्हणाला, “बाबा, मी जातो ना.” त्यांनी हातानेच त्याला बस म्हटलं आणि स्वतः चार पावलं चालून सुरक्षारक्षकापुढे उभे राहिले. टेबलावर सगळं ऐकू येत होतं.

रक्षकाने टोकन घेतलं, पक्कड काढली, आणि त्या सुटातल्या माणसाकडे संशयाने पाहिलं. “ही तुमची नाहीये. ही कोणाची आहे?”

“आमच्या व्याह्यांची,” डॉक्टर म्हणाले.

विहीणबाई अप्पांच्या ताटातला खेकडा उलटा करून कुठून सुरुवात करायची ते दाखवत होत्या. अप्पा माना डोलावत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते मनातल्या मनात आपली नोंद पुरी करत होते. मुलीकडचे, पाच. व्याही, एक.